यादीप्रमाणे बिघडणारी गाडी

१

गुरुवारी पहाटे साडेपाच वाजता गाडीने तिसऱ्यांदा घात केला. किल्ली फिरवल्यावर इंजिन लागलं, पण पाठोपाठ समोर लाल दिवा पेटला आणि पुढचा पंखा असा घोंघावू लागला की वरच्या मजल्यावरचा माणूस खिडकीत आला. इंजिन उकळल्याचा तो इशारा. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी सुरू होता होता कशी उकळेल, हा प्रश्न दातवाल्याला सुचलाच नाही. पुढ्यात घाट होता आणि मागच्या सीटवर आजारी बायको. त्याने किल्ली उलटी फिरवली, कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि उजाडल्यावर थोरल्या बहिणीला फोन केला.

दातवाला हे अर्थात त्याचं नाव नव्हे. घरातल्याच एका खोलीत तो कवळ्या बनवायचा, म्हणून लोक त्याला तसं म्हणत. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. जबड्याचा साचा पाहून तो माणसाचा स्वभाव सांगायचा, पण बॉनेट उघडलं की त्याला सगळ्या नळ्या सारख्याच दिसत. बारा वर्षं जुनी ती छोटी एसयूव्ही त्याने आठ वर्षांपूर्वी मेहुण्याकडून घेतली होती आणि गेली चार वर्षं तो तिच्या तब्येतीला बायकोच्या तब्येतीइतकाच भीत होता.

ताई दुपारच्या बसने आली. विमा कंपनीत तिने तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढली होती. मोडक्या गाड्या आणि त्यांचे धडधाकट मालक, यांतलं खोटं कोण बोलतंय ते ओळखायचं, हाच तिचा धंदा. निवृत्तीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन बिनसलं आणि तिने स्वतः गाडी चालवणं सोडलं होतं, पण नजर जायची तिथे अजून जात होती.

प्रकरण पैशाचं नव्हतं. दर एक गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी भावजयीला दीडशे किलोमीटरवरच्या इस्पितळात नेऊन सलाईनमधून औषध द्यायचं होतं. आतापर्यंतच्या पाच खेपांपैकी तीन चुकल्या होत्या. गावात भाड्याच्या गाड्या दोनच होत्या. परतताना तिला दर दहा मिनिटांनी उलटीसाठी थांबावं लागतं हे कळल्यावर दोन्ही गाडीवाल्यांनी हात जोडले होते. डॉक्टरांनी आज फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी दहा वाजता या, तेही चुकलं तर हा उपचार बंद करावा लागेल, मग पुढचं मला विचारू नका.

"ताई, ही गाडी तिला मारणार," दातवाला म्हणाला. "आणि मी नुसता किल्ली हातात घेऊन बघत बसणार."

भावजय आतल्या खोलीत पडून होती. ताई दिसताच उठून बसली, हसली, प्रवास कसा झाला विचारलं. आजारी पडायच्या आधी ती बावीस वर्षं कारखान्यात वायरिंगच्या जुड्या बांधायला जायची. आता मनगटं काटकीसारखी झाली होती. ताईने काही विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात भावाने तिला खुणेने बाहेर नेलं. तिला काही विचारू नकोस, ती आधीच खचलीय, तिच्या डोक्याला ताप नको, असं त्याने बजावलं. ते ताईलाही पटलं. त्या घरात गेले चार महिने तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

ताईने बिघाड विचारून घेतले. पहिल्या वेळी बॅटरी उतरली होती. दुसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप मुका झाला आणि आज इंजिन तापल्याचा दिवा. दर वेळी दुपारपर्यंत मिस्त्री येई, गाडी सुरू होई, आणि मग पुढच्या वारीपर्यंत भाजी-किराण्याला ती गुणी बाळासारखी चाले.

पाणी प्यायला ताई स्वयंपाकघरात गेली. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक छापील कागद चिकटवला होता. भावानेच तो कुठूनसा काढून लावला होता. 'या मॉडेलचे नेहमीचे बिघाड आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च.' क्रमांक एक, बॅटरी उतरणे. दोन, पेट्रोल पंप बंद पडणे. तीन, इंजिन तापणे. चार, गिअरबॉक्स.

ताईने कागद दोनदा वाचला आणि भावाला हाक मारली.

"गाडी म्हातारी झाली की कुठूनही मोडते रे. पण क्रमाने? ही गाडी तुझी यादी वाचून बिघडतेय."

२

मिस्त्रीचं गॅरेज पेठेच्या टोकाला होतं. माणूस तोंडाने फटकळ होता, पण त्याचे पाने भिंतीवर मापाप्रमाणे ओळीने टांगलेले होते, आणि अशा माणसांवर ताई चटकन संशय घेत नसे. तरी तिने सरळच विचारलं, की गाडी सारखी बिघडण्यात फायदा तुमचाच, नाही का?

त्याला राग आला नाही, हसूच आलं. बॅटरी चार्ज करायचे त्याने किरकोळ पैसे घेतले होते, नंतरच्या दोन वेळांचे एक छदामही नाही. यादीत पंपाचा खर्च चाळीस हजार लिहिलाय ते त्याला ठाऊक होतं. दातवाल्याने तो आकडा त्याला रडवेल्या आवाजात वाचून दाखवला होता.

"पंप ठणठणीत होता हो. बॉनेटखालच्या डब्यात त्याची रिले असते, पंपाला वीज देणारी, काड्यापेटीएवढी, ती जागेवरून उचललेली. दाबली, बसली. आज सेन्सरची पिन निघालेली, तीही दाबली, बसली. दाबायचे काय पैसे घेऊ मी?"

उचललेली म्हणता की निसटलेली, असं ताईने विचारलं. मिस्त्रीने फडकं उचललं. मग हात पुसत म्हणाला की निसटली असंच तो दातवाल्याला बोलला होता, कारण आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी काय घाबरवायचं. पण त्या डब्याच्या झाकणाला चार नाजूक कड्या असतात. बारा वर्षांच्या उन्हाने प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं. उघडताना त्याच्या स्वतःच्या हातून दर वेळी एक तरी तुटते.

"आणि या झाकणाच्या?"

"चारही शाबूत. ज्याने उघडलं त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, बाई. पक्कड नाही लावली, पेचकस नाही लावला. नुसत्या बोटांनी."

गॅरेजमधून निघताना ताईला एकच गोष्ट खुपत होती. इतक्या वर्षांत तिने गाड्या जाळणारे पाहिले होते, दरीत ढकलणारे पाहिले होते. गाडी इतक्या मायेने बिघडवणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

३

मेहुणा, म्हणजे भावजयीचा भाऊ, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. शुक्रवारी तो बहिणीला बघायला आला आणि बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला. बोलण्यात साखर आणि डोळ्यांत तराजू. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी आहे तोवर ऐंशी हजाराला आपल्याला द्या, गिअरबॉक्स गेला की भंगारवालाही ढुंकून बघणार नाही. दुसरी किल्ली अजून त्याच्याकडेच होती. द्यायची राहिलीच, म्हणाला, आणि खिशातून काढून टेबलावर ठेवली. आठ वर्षं राहून गेलेली किल्ली आज कशी आठवली, असं ताईच्या ओठांवर आलं होतं.

पण तिने हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहिला. मेहुण्याला गाडी स्वस्तात हवी, तर त्याने असा बिघाड केला असता ज्याचं बिल पाहून मालकाला घाम फुटेल. दाबलं की बसणारी पिन कुठला दलाल काढेल?

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तिसरे संशयित. पार्किंगच्या जागेवरून त्यांचं आणि दातवाल्याचं तीन वर्षं वाकडं होतं. किल्लीची त्यांना गरजही नव्हती, कारण या गाडीच्या मागच्या दाराचं कुलूप दोन वर्षांपासून लागतच नव्हतं आणि ते उभ्या गल्लीला माहीत होतं. मास्तरांनी ताईला जिन्यातच गाठून पाऊण तास तक्रारी ऐकवल्या. सगळ्यांचं सार एकच होतं, की हे धूड इथून हलत का नाही.

तिथेच मास्तर सुटले. ज्याला गाडी हलायला हवी, तो ती बंद कशाला पाडेल?

रात्री सगळे जेवायला बसले. भावजयीने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. दातवाला तिच्या तोंडाकडे बघत बसला, जणू त्याच्या बघण्याने तिसरा घास आत जाणार होता. ताईला त्याची कीव आली आणि स्वतःचा रागही. कामावर असताना ती पहिला प्रश्न विचारायची तो असा, की यात फायदा कुणाचा? इथे गाडीचं नुकसान नाही, कुणाला पैसा नाही. गेलं काय, तर तीन गुरुवार. आणि ते गुरुवार चोरून कुणाचं भलं होणार होतं ते तिच्या ध्यानात येईना.

४

शनिवारी तिने सापळा लावला. गाडीतलं माहितीपुस्तक स्वतःच्या पिशवीत टाकलं. फ्यूज कुठला कशाचा, हे आता त्या पुस्तकाखेरीज कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी केव्हाच पुसून गेली होती.

मग ती मिस्त्रीकडे गेली आणि सहज बोलल्यासारखं बोलली, की अकरा नंबरचा फ्यूज सैल झाला तर ही गाडी सुरूच होत नाही म्हणे. मेहुण्याला फोनवर तेच सांगितलं, फक्त चौदा नंबर म्हणून. आणि भावाच्या कॉम्प्युटरवर तिने ती यादी नव्याने टाइप केली. अक्षर तेच, मथळा तोच. पहिले तीन बिघाड तसेच ठेवले, चौथ्या जागी गिअरबॉक्सऐवजी लिहिलं, 'फ्यूज क्रमांक सतरा सैल होणे. गाडी सुरू होत नाही. खर्च नगण्य.' जुना कागद काढून नवा त्याच जागी चिकटवला.

खरं तर अकरा हॉर्नचा होता, चौदा रेडिओचा आणि सतरा मागच्या काचेवरच्या वायपरचा. तिन्हींपैकी कुठलाही काढला तरी गाडी सुरू होणारच होती. सोमवार चुकणार नव्हता, आणि चोर आपली सही ठेवून जाणार होता.

रविवारी संध्याकाळी मेहुणा पुन्हा येऊन गेला. मिस्त्री उद्याची खातरी म्हणून टायरमधली हवा बघून गेला. दातवाल्याने पाण्याच्या बाटल्या, चादर, उलटीच्या पिशव्या असं सगळं दाराशी मांडून ठेवलं. भावजय खोलीत आरामखुर्चीत बसून त्याची लगबग बघत होती. मध्येच तिने ताईला जवळ बोलावून विचारलं, उद्या गाडी सुरू होईल असं तुम्हाला वाटतं का? होणारच, असं ताईने ठासून सांगितलं. तिला धीर द्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

५

सोमवारी पहाटे धुकं होतं. भावजयीला मागच्या सीटवर बसवून ताई तिच्या शेजारी बसली. दातवाल्याने डोळे मिटून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. एकही दिवा पेटला नाही.

"लागली," तो म्हणाला. "ताई, लागली गं."

ताईने आधी हॉर्न द्यायला सांगितला. हॉर्न वाजला, वर मास्तरांची खिडकी खाडकन उघडली. मिस्त्री सुटला. मग तिने रेडिओ लावायला सांगितला. कुणीतरी बाई हवामान सांगू लागली. मेहुणाही सुटला.

"मागची काच धुक्याने भरलीय. वायपर लाव बरं."

दातवाल्याने दांडी फिरवली. मागचा वायपर हलला नाही. त्याने पुन्हा फिरवली, नाही हलला. जाऊ दे, म्हणाला, वायपरवाचून काय अडतंय, आणि इस्पितळाची फाइल टेबलावरच राहिली म्हणून इंजिन सुरू ठेवूनच घरात पळाला.

सतरा नंबर फक्त स्वयंपाकघरातल्या कपाटात लिहिला होता. ते कपाट दिवसातून चार वेळा उघडणारी माणसं घरात दोनच होती. त्यातल्या एकाला फ्यूज आणि दाढ यांतला फरक कळत नव्हता. इंजिन लागलं तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला ताईने आरशात पाहिला होता. आता तिने मान वळवून दुसरा चेहरा पाहिला.

भावजयीचे डोळे भरून आले होते. बावीस वर्षं तिने बांधल्या त्या जुड्या गाड्यांच्याच वायरिंगच्या होत्या, हे ताईला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण आजारी माणसाला हात असतात, हे सगळे विसरून गेले होते.

६

"पहिल्यांदा गाडीच्या आतला मागचा दिवा रात्रभर चालू ठेवला," भावजय हळू आवाजात म्हणाली. "मग रिले, मग पिन. परत बसेल तेवढंच काढलं, ताई. त्यांना खर्च पडू नये म्हणून."

का, एवढंच ताईने विचारलं. चार महिन्यांत तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

दुसऱ्या खेपेला दातवाला गाडी लावायला जागा शोधत होता, तेव्हा डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले होते. या औषधाने आजार बरा होणार नव्हता. फार तर तीन-चार महिने पुढे ढकलला जाणार होता. आणि प्रत्येक खेपेनंतरचे दहा दिवस ती जमिनीवर गार फरशीला गाल लावून काढत होती. चौदातले दहा. ज्या वेळी गाडी बिघडली, त्या वेळी पुढच्या आठवड्यात ती अंगणात बसली, पेपर वाचला, त्याच्याबरोबर पत्ते खेळली. ते दिवस तिला हवे होते.

"त्यांना वाटतं मी बरी होणार. मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणता येईना, म्हणून गाडीला म्हणायला लावलं."

ताईने आयुष्यात शेकडो चोर पकडले होते आणि प्रत्येक वेळी तिला रात्री शांत झोप लागली होती. आज तिला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं. आपल्याच हातांनी ही गाडी आपण सुरू करून दिली.

तेवढ्यात दातवाला फाइल घेऊन आला, बसला, पट्टा लावला. पहिला गिअर टाकणार इतक्यात भावजय म्हणाली, "अहो, मला नाही यायचं."

होतं असं, घाट उतरलो की बरं वाटेल, असं तो नेहमीच्या समजुतीच्या सुरात बोलू लागला. तिने त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर तिने सगळं सांगितलं, रिले, पिन, डॉक्टर, सगळं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"समजूत घातली असती तुझी."

"आणि मी ऐकलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

त्याने आरशातून ताईकडे पाहिलं. लहानपणी काही मोडलं की तो असाच बघायचा, आणि ताई ते जोडून द्यायची किंवा आईला काहीतरी थाप मारायची. आज तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जा म्हणावं तर तिच्या दहा दिवसांचं काय, आणि नको म्हणावं तर त्याच्या त्या तीन-चार महिन्यांचं काय? ती दार उघडून खाली उतरली, कारण त्या गाडीत आता तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

धुकं विरत चाललं होतं. दहाला पोचायचं तर सहाला निघायला हवं होतं. सहा वाजले. सव्वासहा वाजले. दातवाल्याचा एक हात गिअरवर होता आणि दुसरा मागे वळवून त्याने बायकोच्या हातावर ठेवला होता. मास्तरांनी वरून ओरडून विचारलं, की आता काय बिघडलं? ताईने मान हलवून काही नाही म्हणून सांगितलं. इंजिन एका लयीत चालू होतं आणि त्या गाडीत काहीही बिघाड नव्हता.